करमळाला फुलं उदंड, फळ मात्र नाही

लक्षणं

करमळ म्हणजे कापल्यावर चांदणी दिसणारं स्टारफ्रूट. तुमच्या झाडाचं यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा.

– झाड गुलाबी-जांभळ्या तुऱ्यांनी भरतं, आठवड्याभरात खाली सडा पडतो, फांदीवर नुसते देठ उरतात. बहुतेकांचं गाऱ्हाणं हेच.
– फळ धरतं, हरभऱ्याएवढं होतं, मग पिवळं पडून गळतं.
– नवी पालवी येते तीच पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. ऊसवाले ज्याला केवडा म्हणतात, तोच हा.
– डिसेंबर-जानेवारीत पानं झडतात आणि झाड मेल्यासारखं दिसतं.
– पानांच्या कडा करपतात, झाडाची एकच बाजू बोडकी होते.

फळ नीट वाढतं पण पिकताना आत अळी निघते, हे दुखणं वेगळं. त्याच्याबद्दल शेवटी.

मी मूळचा कुडाळकडचा. कलमं बांधणं हा घरचा धंदा. पुण्यात आल्यावरही तो सुटला नाही. आमच्याकडे करमळ कुणी मुद्दाम लावत नाही. विहिरीच्या कडेला, न्हाणीच्या पाण्यावर ते आपोआप वाढतं आणि फळांनी वाकतं. खाली पडलेली फळं गुरंही खात नाहीत. तेच झाड घाट चढलं की रुसतं. मग लोक मला विचारतात, "कुठलं खत घालू?"

फुललेलं झाड सहसा उपाशी नसतं. म्हणून खताची पिशवी तूर्त बाजूला ठेवा. या झाडाला दमट हवा, अडलेला वारा, किंचित आंबट माती आणि सौम्य हिवाळा लागतो. कोकणात चारही गोष्टी फुकट मिळतात. बाकी कुठेही गेलात की यातली एखादी तरी कमी पडते, आणि ती कुठली हे शोधणं एवढंच काम असतं. पुढची तपासणी स्वस्तातून महागाकडे जाते. मधली पायरी गाळू नका. मी गाळली होती आणि गिऱ्हाइकाचे पैसे फुकट घालवले होते.

हे करमळच आहे ना?

हसू नका. आपल्याकडे करमळ नावाची दुसरीही झाडं आहेत. जंगलातल्या करमळाची आणि बागेत लावतात त्या मोठ्या करमळाची पानं चांगली वीत-दीड वीत लांब, कडा करवतीसारख्या आणि शिरा फणीच्या दात्यांसारख्या सरळ. त्यांचा आपल्या चांदणीच्या फळाशी काही संबंध नाही. एका ताईंनी तीन वर्षं मनापासून जपलेल्या झाडाचा फोटो पाठवला. पान त्यांच्या हातापेक्षा लांब. "ताई, झाड छान आहे, पण याला चांदण्या लागायच्या नाहीत," एवढंच सांगता आलं. नर्सरीवाल्याने फसवलं नव्हतं. त्यांनी करमळ मागितला, त्याने करमळ दिला.

आपल्या झाडाच्या एका देठावर लहान लहान पर्णिका असतात, साधारण पाच ते अकरा, आणि रात्री त्या खाली मिटतात. एकाच देठावर वीस-तीस पर्णिका दिसल्या तर ती बिंबली, म्हणजे दुसरंच आंबट फळाचं झाड. नर्सरीत जाताना ‘स्टारफ्रूट’ म्हणा, नाहीतर बाजारातलं ‘कमरख’ म्हणा. हे फळ कोकणात करंबळ म्हणूनही ओळखतात आणि पोर्तुगीजांचा ‘काराम्बोला’ त्याच शब्दावरून गेलेला. नाव समुद्रापार पोचलं आणि घरच्या घरी घोटाळा राहिला.

वय विचारा, मग मोजा

बियांपासून आलेलं झाड फळायला चार-पाच वर्षं सहज घेतं. कलम वर्ष-दीड वर्षातही फुलतं. पण कोवळ्या कलमाला पहिल्या वर्षी फुलं आली आणि गळली तर ते बरंच झालं समजा. त्या अंगात फळ पेलायची ताकद नसते.

झाड वयात आलेलं असेल तर दोऱ्याचं रीळ घ्या. वेगवेगळ्या दिशांच्या दहा तुऱ्यांना दोरा बांधा आणि तीन आठवड्यांनी बघा. एका तुऱ्यात कितीतरी फुलं असतात. त्यातली दोन-तीन धरली तरी झाड भरलेलं दिसतं. सडा बघून घाबरणारे बरेच जण इथेच मोकळे होतात, कारण दहातल्या चार तुऱ्यांवर पानाआड फळं निघतात. दोऱ्याचा दुसरा उपयोग असा, की दक्षिणेच्या तुऱ्यांना शून्य आणि पूर्वेच्या तुऱ्यांना फळ असं निघालं तर दोष मातीत नाही, वाऱ्या-उन्हात आहे. माती तर सगळ्या फांद्यांना एकच.

पाणी

बुंध्यापासून हातभर लांब, वीतभर खोल खुरप्याने उकरा. मातीची मूठ आवळा. गोळा झाला आणि हात ओला झाला नाही, तर वाफसा आहे. काही करू नका. माती भुरभुरली तर फूल गळण्याचं कारण बहुधा हातात आहे. बोटांतून पाणी आलं तर उलटं दुखणं.

फुलोऱ्यात झाड एकदा तहानलं की आधी फुलं टाकतं, मग हरभऱ्याएवढी फळं. त्यानंतर तुम्ही दोन बादल्या ओतल्या तरी टाकलेलं परत येत नाही. म्हणून एकदम पुष्कळ देण्यापेक्षा सारखी ओल टिकवणं महत्त्वाचं. जांभ्याच्या मातीत मी उन्हाळ्यात दोन दिवसांआड देतो, भारी काळ्या मातीत तेच पाणी आठवड्याने. पाणी बुंध्याशी ओतू नका. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्या जिथवर पसरल्या असतील तिथवर असतात, आळं तिथे हवं. वर चार बोटं पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंधा मोकळा ठेवून.

वारा आणि ऊन

करमळ वाऱ्याला फार हळवं. पुण्यात सातव्या मजल्याच्या गच्चीवर ड्रममध्ये लावलेलं झाड जून-जुलैत पश्चिमेच्या बाजूने बोडकं होतं, पानांच्या कडा तांबूस होतात, आणि मालक बुरशीनाशक फवारत बसतो. ती बुरशी नव्हे. ड्रम भिंतीच्या आडोशाला सरकवा, किंवा पश्चिमेला जाळी बांधा. जमिनीत असेल तर वाऱ्याच्या बाजूला केळी किंवा शेवरीची रांग. पत्रा उभा करू नका. वारा गाळला गेला पाहिजे, पुरता अडवला की तो वरून येऊन आपटतो.

विदर्भात प्रश्न झळांचा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा कोरडी ठक्क, आणि त्यात उमललेलं फूल दुपारपर्यंत करपतं. दुपारी पर्णिका मिटलेल्या दिसल्या तर झाड स्वतःला वाचवतंय असं समजा. संध्याकाळी उघडल्या तर ठीक. सकाळीही मिटलेल्याच असतील तर पाण्याची तपासणी पुन्हा करा. लहान झाडावर पश्चिमेकडून ५० टक्क्यांची शेडनेट बांधा. मोठ्या झाडाला मी एकच सांगतो: उन्हाळ्याचा बहर सोडून द्या. मृगाच्या पावसानंतर हवा ओली झाली की पुढचा बहर येतो, तो धरा. करमळ वर्षातून एकदाच फुलून गप्प बसणाऱ्यातलं नाही.

दुबई-मस्कतकडे राहणाऱ्यांना वारा, ऊन आणि खारट पाणी तिन्ही एकदम भेटतं. तिथे कुंडी पूर्वेच्या बाल्कनीत ठेवा, आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला तर भरपूर गोड पाणी घालून क्षार खालून वाहून जाऊ द्या. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी लगेच फेका.

थंडी

पारा १३-१४ अंशांच्या खाली राहायला लागला की करमळाची वाढ थांबते. निफाडकडे थंडी एक आकडी होते, पानं पिवळी पडून झडतात. तो रोग नाही. या काळात खत, छाटणी, जास्त पाणी, सगळं बंद. मुळं झोपलेली असताना ओतलेलं पाणी मुळं कुजवतं.

खरी भीती दंवाची. शून्याच्या आसपास कोवळे शेंडे करपतात आणि लहान झाड मरूही शकतं. कडाक्याची रात्र असेल तर संध्याकाळी जमीन भिजवा आणि झाडावर गोणपाट टाका, सकाळी काढा. करपलेलं झाड लगेच कापू नका. नखाने साल खरवडा: खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. कुठवर जिवंत आहे ते नवी फूट आल्यावर झाडच दाखवतं, कापायचं ते तेव्हा.

अमेरिकेत उत्तरेकडे राहणाऱ्यांनी कुंडीतच लावावं आणि रात्रीचा पारा १० अंशांकडे घसरायला लागला की आत घ्यावं. आत आल्यावर निम्मी पानं पडतात, कारण घरातली हीटरची हवा कोरडी आणि उजेड कमी. सगळ्यात उजेडाची खिडकी द्या आणि मार्चची वाट बघा.

कात्री कुणी चालवली?

ही तपासणी म्हणजे नुसता एक प्रश्न, माळ्याला विचारायचा. करमळाला फुलं फक्त शेंड्यावर येत नाहीत. जुन्या, जून झालेल्या फांद्यांवर, कधी थेट खोडावरही तुरे फुटतात. माळी "आतून झाड मोकळं करतो" म्हणत नेमक्या त्याच फांद्या साफ करतो आणि बाहेरचा पाल्याचा घुमट ठेवतो. दिसायला सुबक, फळायला नापीक. यंदा काही करू नका. पुढे फक्त वाळलेलं आणि एकमेकांवर घासणारं काढा.

कलम असेल तर जोडाच्या खाली बघा. तिथून जोमदार सरळ फूट आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या रोपाची आहे. ती वाढली की वरचं कलम मागे पडतं आणि गोड जात गेली, आंबट खुंट उरला असं होतं. बुडापासून खुडून टाका.

फूल हातात घ्या

इथवर सगळं ठीक निघालं, झाड हिरवंगार आहे, तरीही दोरा बांधलेले दहाही तुरे रिकामे, तर सकाळी एक फूल तोडा आणि भिंगाखाली धरा. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ न्या.

फूल नखाएवढंही नसतं. पाच पाकळ्या, टोकं मागे वळलेली, मधे जांभळी छटा आणि कडेला पांढरट. आत मधोमध इवलंसं हिरवं बीजांडकोश, त्यावर पाच बारीक काड्या. त्यांच्या टोकाला परागकण चिकटायचा असतो. भोवती पुंकेसर. कापलेल्या फळात जी पाच टोकांची चांदणी दिसते, ती या पाच कप्प्यांचीच.

आता एवढंच बघा, त्या मधल्या काड्या पुंकेसरांच्या वर डोकावतात की खाली दडलेल्या आहेत? करमळात ही दोन प्रकारची झाडं असतात, लांब काडीची आणि आखूड काडीची. एका झाडावरची सगळी फुलं एकाच प्रकारची. लांबवाल्याला आखूडवाल्याचा पराग लागतो आणि आखूडवाल्याला लांबवाल्याचा. स्वतःच्या परागावर बरीच झाडं फळ धरत नाहीत किंवा नावापुरती धरतात. कोकणात आजूबाजूला बियांवरची दहा झाडं असतात, मधमाशी हे काम करून टाकते. पुण्याच्या सोसायटीत करमळ एकच, आणि ते फुलून फुलून थकतं. मलेशियात बी-१० या जातीच्या बागेत परागासाठी दुसऱ्या जातीची झाडं मुद्दाम लावतात, ते यासाठीच. काही जाती एकट्याही फळतात. ‘गोल्डन स्टार’ त्यातली.

खात्री करायला खर्च शून्य. ओळखीत दुसरं करमळ शोधा, त्याचं फूल बघा. प्रकार वेगळा असेल तर तिथली फुललेली डहाळी पाण्याच्या पेल्यात घालून आणा, आणि सकाळी मऊ ब्रशने तो पराग आपल्या दोरा बांधलेल्या पाच तुऱ्यांवर फिरवा. पाच तुरे तसेच सोडा. ब्रश फिरवलेल्यांवर फळ धरलं आणि बाकीचे रिकामे राहिले, तर रोग सापडला. कायमचा इलाज म्हणजे दुसरं झाड, आणि जागा नसेल तर त्या दुसऱ्या झाडाच्या डहाळीची एक काडी आपल्याच झाडाच्या फांदीवर कलम करून भरून घेणं. एका फांदीवर काम भागतं. मी केलेल्या दुरुस्त्यांत सगळ्यात समाधान देणारी हीच.

फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. सोसायटीत डासांचा धूर सकाळीच फिरत असेल तर तेही मधमाशीच्या मुळावर येतं. दहा-बारा मजले वर मधमाशी फारशी फिरकत नाही, तिथे ब्रश हीच मधमाशी.

केवडा, म्हणजे मातीचं दुखणं

आता पैसे खर्च करायची वेळ. आधी पिवळेपणा कुठे आहे ते बघा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी आहे, चांगलं कुजलेलं शेणखत द्या. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. लोक दोन्हीला युरियाच टाकतात. दुसऱ्या प्रकारात युरियाने पालवी जास्त येते आणि जास्त पिवळी येते.

कोरड्या मातीच्या चिमटीवर घरातलं व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे हाताने वेचता येतात, तिथे हे हमखास. करमळाला सामू (पीएच, म्हणजे मातीचा आंबटपणा मोजायचा आकडा) साधारण साडेचार ते सात लागतो. त्याच्या वर लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने कुंडीतली चांगली मातीही दोन वर्षांत अशीच होते.

माझी भाची फ्लोरिडात होमस्टेडच्या बाजूला राहते. तिथली जमीन म्हणजे चुनखडकाचा चुराच. तिचा फोन: "मामा, झाड लिंबासारखं पिवळं झालंय, तिकडून काही पाठव." मी म्हटलं, जे पुण्यात लागतं ते तुमच्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. तिकडचे स्टारफ्रूटवाले बागायतदार अशा जमिनीतच पीक घेतात, आणि चेलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) मुळांशी ओतणं हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. तिच्या झाडाची पुढची पालवी हिरवी आली.

पुडीवर नीट वाचा. ‘ईडीटीए’ लिहिलेलं लोह चुन्याच्या मातीत टिकत नाही. ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं हवं. महाग आहे, म्हणून दुकानदार पहिलं पुढे करतो. हिराकस (साधं लोह सल्फेट) टाकाल तर तीही चुन्यात निकामी होते. पुडीवरच्या प्रमाणात पाण्यात कालवून, ओल्या जमिनीत, वाढीच्या दिवसांत, संध्याकाळी ओता. लोह मुळांशी, जस्त आणि मँगनीज मात्र पानांवर फवारलं की लागू पडतं. जुनी पिवळी पानं हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून पुन्हा डोस देऊ नका. निकाल नव्या पालवीवर. कुंडीला जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी द्या.

मुळं

सगळ्यात कष्टाचं म्हणून शेवटी. ड्रममधलं झाड तीन-चार वर्षांत मुळांनी ठासून भरतं. पाणी घातल्या घातल्या खालून वाहून गेलं तर तेच झालंय. पावसाळ्याच्या तोंडाला झाड बाहेर काढा, गोल फिरलेली मुळं धारदार सुरीने चौफेर दोन बोटं कापा, नवी माती भरा आणि महिनाभर सावलीत ठेवा. मुळं पांढरट-तांबूस असली तर चांगली. काळी, मऊ आणि बोटाने साल सुटणारी असली तर कुजलेली.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

माती ओली असूनही झाड एकाएकी माना टाकतंय. जमिनीलगत साल फुटून चिकट स्राव येतोय. फांद्या शेंड्याकडून खाली एकेक करत वाळत चालल्या आहेत. या तिन्हींत घरगुती उपाय करत दिवस घालवू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात मुळांच्या तुकड्यासह नमुना न्या. कोकणात असाल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसं हे झाड ओळखून आहेत. ईडीडीएचए लोहाचे दोन हप्ते देऊनही पालवी पिवळीच येत असेल, तर तिसरी पुडी घेऊ नका, त्या पैशांत मातीचं आणि पाण्याचं परीक्षण करून घ्या. कलमाची काडी भरायचा हात नसेल तर कलमवाल्याला बोलवा. चुकीचा काप फांदी घालवतो. आणि विजेच्या तारेजवळची फांदी स्वतः कापू नका, कितीही पातळ असली तरी.

अळीबद्दल

ती फळमाशी. फळ अंगठ्याएवढं झालं की कागदी किंवा कापडी पिशवी बांधा, आंब्याला लावतात तो रक्षक सापळा झाडापासून जरा लांब टांगा, आणि खाली पडलेली फळं रोज उचलून खोल पुरा. तिसरं केलं नाहीत तर पहिली दोन वाया.

पिशवीतलं फळ धरल्यापासून साधारण दोन-अडीच महिन्यांत तयार होतं. धारा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला की उतरवा. आणि शेजारी वाटायला निघालात तर आधी विचारा, घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे का. अशा माणसाला हे फळ किंवा त्याचा रस देऊ नये, अर्धं फळसुद्धा नको. त्यातल्या ऑक्झॅलेटबरोबर आणखी एक विषारी द्रव्य २०१३ साली ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळं करून दाखवलं. कमजोर मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत आणि ते मेंदूवर जातं. खाल्ल्यावर न थांबणारी उचकी लागली किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागायला लागला, तर तडक दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना काय खाल्लं ते फळाचं नाव घेऊन सांगा. ‘करमळ’ म्हणून कळलं नाही तर ‘स्टारफ्रूट’ म्हणा.